दोनदा सांगितलेली राशी

‘३क्ष + ५ = २०’ एवढंच कागदावर लिहून कुणापुढेही ठेवा. शाळा सुटून वीस वर्षं झालेला माणूसही थोडं आठवत, थोडा अंदाज बांधत ५ पर्यंत येऊन पोचतो. त्यालाच विचारा, ‘वडील आज ४१ वर्षांचे आहेत आणि मुलगा ९ वर्षांचा, किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट होईल?’ आधी तो हसतो. मग कागद मागतो. कागद मिळाला की त्यावर ४१ आणि ९ लिहितो आणि पेन हनुवटीला टेकवून बसतो. दोन्हीकडची आकडेमोड जवळपास सारखीच आहे. दोन-तीन पायऱ्या, एक साधा भागाकार, संपलं. मग घोडं अडतं कुठे?

‘मला गणित कधी जमलंच नाही’ म्हणणाऱ्यांशी जरा खोदून बोललं, की बहुतेकदा असं निघतं की समीकरणं त्यांना येत होती, शाब्दिक उदाहरणं येत नव्हती. आणि त्यावर त्यांना मिळालेला सल्ला एकच असतो: ‘आधी क्ष मान.’ वहीत पहिली ओळ म्हणून ‘समजा, मुलाचं वय क्ष आहे’ हे अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. पुष्कळांची ती शेवटचीही ओळ ठरते. क्ष मानून तर झाला, आता त्याचं करायचं काय?

माझं मत असं की क्ष मानणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि तो पहिला तर मुळीच नाही. शाब्दिक उदाहरणात आधी शोधायची असते ती दोनदा सांगितलेली राशी. चार-पाच वाक्यांच्या त्या मजकुरात अशी एखादी गोष्ट असतेच, जिच्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी जाता येतं. एका वाटेने केलेलं वर्णन डावीकडे, दुसऱ्या वाटेचं उजवीकडे, मध्ये बरोबरचं चिन्ह. समीकरण म्हणजे इतकंच. ती राशी नजरेला पडली नाही, तर क्ष मानून, य मानून, सगळी मुळाक्षरं मानूनही हात हलत नाही.

एक उदाहरण घेऊ. १२ किलो द्रावणात २५ टक्के मीठ आहे. त्यात किती पाणी घातलं म्हणजे मिठाचं प्रमाण १५ टक्क्यांवर येईल? प्रश्न पाण्याचा, म्हणून मन पाण्यामागे धावतं. मुळात पाणी ९ किलो, त्यात आणखी क्ष, मग नव्या द्रावणाच्या ८५ टक्के… या वाटेनेही उत्तर मिळतं, नाही असं नाही, पण वाट दशांश चिन्हांच्या काट्याकुट्यांतून जाते. जरा थांबून पाहिलं, तर या गोष्टीत एक पात्र असं आहे ज्याला कुणी हातच लावलेला नाही. मीठ. पाणी ओतलं, द्रावण वाढलं, टक्केवारी उतरली, मीठ होतं तेवढंच राहिलं. आधी ते १२ चे २५ टक्के, म्हणजे ३ किलो होतं. नंतर ते (१२ + क्ष) चे १५ टक्के आहे. एकाच मिठाबद्दल ही दोन विधानं. ३ किलो हे ज्याचे १५ टक्के, ते एकूण द्रावण २० किलोचं; म्हणजे पाणी ८ किलो. विचारलंय पाण्याबद्दल, समीकरण मात्र मिठाचं. ही फट एकदा लक्षात आली की असल्या उदाहरणांची निम्मी धास्ती जाते.

‘जे विचारलं असेल त्यालाच क्ष मानावं’ हा दुसरा लाडका नियम. तोही काही दगडावरची रेघ नाही. जाताना ताशी ६० किलोमीटर, त्याच रस्त्याने परत येताना ताशी ४०, येताना एक तास जास्त लागला; अंतर किती? विचारलंय अंतर. पण जाताना आणि येताना बदलत नाही तेही अंतरच, म्हणजे दोनदा सांगितली गेलेली राशी तीच. तिला नाव न देताच काम होतं. जाण्याचा वेळ क्ष तास धरा: ६०क्ष हे अंतर, ४०(क्ष + १) हेही तेच अंतर. क्ष २ निघतो आणि अंतर १२० किलोमीटर. अंतराला क्ष मानण्याचा हट्ट धरला तर ‘दोनदा सांगण्याची’ जबाबदारी वेळेवर येते आणि अपूर्णांक छेदात येऊन बसतात. उत्तर तेच. कुठली वाट धरायची हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा प्रश्न.

माझी भाची आठवीत आहे. उदाहरण वाचायला घेतलं की ती पेन्सिलीने त्यातल्या आकड्यांना गोल करते, शब्दांना नाही. गोल करून झाले की मान वर करून विचारते, ‘मावशी, गुणायचं की भागायचं?’ तिला दोष देण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं प्रत्येक उदाहरणात आकडे दोन आणि धडा एकच असायचा. गुणाकाराच्या धड्यात गुणायचं, भागाकाराच्या धड्यात भागायचं. मधला मजकूर वाचला काय, न वाचला काय. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे शिक्षकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक प्रश्न घातला होता: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुसंख्य मुलांनी उत्तर दिलं. आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव केली आणि कप्तानाचं वय काढून मोकळी झाली. आपण हसतो खरे, पण मुलांनी चुकीचं काय केलं? विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं, हा वर्गातला अलिखित करार त्यांनी पाळला.

तर भाचीपुढे त्या दिवशी हे होतं: एका आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेंटिमीटरने कमी आहे आणि परिमिती ५४ सेंटिमीटर आहे, लांबी-रुंदी काढा. गोल केलेले आकडे ३ आणि ५४. ‘दुपटी’ला गोल नाही, कारण तो आकडा नसून शब्द आहे. मी म्हणाले, ‘क्ष राहू दे. तू रुंदी सांग, मनाला येईल ती.’

‘अगं, पण ती चुकेल ना!’

‘चुकू दे. सांग.’

तिने ८ सांगितली. मग लांबी किती? दुप्पट १६, त्यातून ३ गेले, १३. परिमिती? आठ आणि तेरा एकवीस, दोनदा, ४२. हवी होती ५४. ‘चुकलं,’ ती म्हणाली, जरा विजयी स्वरातच. मी तिला हे सगळं एका ओळीत मांडायला सांगितलं, मधे बेरीज-वजाबाकी न उरकता, आकडे जसेच्या तसे ठेवून. तिने लिहिलं: २ × [८ + (२ × ८ − ३)]. समोर लिहिलं, ५४ यायला हवेत. ‘आता यातले तुझ्या मनाचे आकडे कुठले?’ दोन्ही आठांवर तिने बोट ठेवलं. दुपटीच्या २ वर ठेवलं नाही, ३ वर ठेवलं नाही. ‘ते दोन पुस आणि तिथे क्ष लिही.’

खोडरबराचा तो काळपट डाग अजून त्या पानावर आहे. डागावर क्ष, पुढे बरोबर ५४. तिने वाचून पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढंच?’ एवढंच. बाकीचं तिला येत होतं. ३क्ष − ३ = २७, क्ष = १०, लांबी १७.

आपण ताळा शेवटी शिकवतो आणि तोही ‘वेळ उरला तर करा’ अशा सुरात. खरं तर समीकरण म्हणजे ताळ्याचीच ओळ असते, फक्त त्यात उत्तराची जागा रिकामी असते. चुकीचं उत्तर घेऊन त्याचा ताळा कसा करायचा हे ज्याला सांगता येतं, त्याने समीकरण मांडल्यातच जमा आहे. ‘रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी’ हे ‘३ − २क्ष’ लिहायचं की ‘२क्ष − ३’, असा घोळ क्ष घेऊन पुष्कळ जण घालतात. ८ घेऊन तो कुणीच घालत नाही. सोळापेक्षा ३ ने कमी म्हणजे तेरा, हे जिभेला ठाऊक असतं.

ही युक्ती माझी नव्हे, कुणा एकाचीच नव्हे. इ.स.पू. १५५० च्या सुमारास आह्मेस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने एक पपायरस उतरवून काढला. त्याचा मोठा भाग आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मूळ लिखाण त्याहून जुनं असल्याचं तो स्वतःच सांगतो. त्यात प्रश्न आहे: एका राशीत तिचा चौथा हिस्सा मिळवला तर १५ होतात, राशी कोणती? आह्मेस ४ धरतो. का ४? चौथा हिस्सा काढायला सोयीचा म्हणून. चार आणि एक पाच. हवेत पंधरा, म्हणजे तिप्पट. तर ४ ची तिप्पट, १२. मुद्दाम चुकीचं उत्तर धरायचं आणि ते किती पटीने चुकलं ते पाहून सुधारून घ्यायचं.

आपल्याकडे याचं नाव इष्टकर्म. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त ते आहे आणि तिथलं भुंग्यांचं उदाहरण तर फार देखणं आहे. थव्यातले पाचवा हिस्सा भुंगे कदंबावर गेले, तिसरा हिस्सा शिलिंध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला, जो केतकी आणि मालती या दोघींच्या सुगंधात अडकून हवेतच घिरट्या घालतोय. भुंगे किती? धरा ३०. सहा कदंबावर, दहा शिलिंध्रावर, फरक चार, त्याच्या तिप्पट बारा. झाले अठ्ठावीस, उरले दोन. उरायला हवा एकच. म्हणजे ३० च्या निम्मे, १५.

मात्र ही युक्ती सरसकट चालत नाही आणि का चालत नाही हे पाहण्यासारखं आहे. आयताच्या उदाहरणात ८ धरल्यावर ४२ आले. ‘४२ चे ५४ करायला जितक्या पटीने वाढवावं लागतं, तितक्या पटीने ८ वाढवू’ असं म्हणून पाहा. सव्वादहाच्या आसपास काहीतरी येतं आणि ते चूक असतं. कारण मधे तो सुटा ३ बसलेला आहे. रुंदी दुप्पट केली म्हणून तो ३ काही दुप्पट होत नाही. भुंग्यांच्या थव्यात सगळे हिस्से थव्याबरोबर वाढतात-घटतात, सुटं असं फक्त ‘एक उरला’ एवढंच. सगळं पटीत असेल तिथे एक धरलेला आकडा पुरतो. सुटे आकडे मधे आले की एक अंदाज पुरत नाही. दोन अंदाज घेऊन, दोघांच्या चुका तोलून उत्तर काढावं लागतं. जुन्या लोकांकडे त्याचीही रीत होती. क्ष आल्यावर हा भेद बघण्याचं कारणच उरलं नाही.

क्ष विषयी एक गैरसमज मात्र इतका चिवट आहे की तो अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्येही सापडतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक वाक्य दिलं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांसाठी एक अक्षर, प्राध्यापकांसाठी दुसरं, एवढं वापरून हे समीकरणात लिहा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांचं चुकलं आणि बहुतेकांची चूक एकच होती. वि आणि प्रा ही अक्षरं घेतली, तर त्यांनी लिहिलं ६वि = प्रा. उलटं. खरं तर ६प्रा = वि हवं. घाईत झालं म्हणावं, तर विचार करून लिहिणाऱ्यांनीही तसंच लिहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र होतं: एका बाजूला सहा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक. चित्र अगदी बरोबर. पण त्या चित्रात ‘वि’ म्हणजे विद्यार्थी, आणि समीकरणात ‘वि’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. एक माणूस, दुसरा आकडा. इथेही इलाज तोच: दहा प्राध्यापक धरा. विद्यार्थी साठ. आता ६वि = प्रा मध्ये घालून बघा, तीनशे साठ बरोबर दहा! डोळे आपोआप उघडतात.

म्हणून ‘समजा, मुलगा क्ष आहे’ असं कुणी लिहिलं की मी तरी सोडत नाही. मुलगा क्ष नसतो, मुलाचं आजचं वय क्ष वर्षं असतं. ‘आजचं’ हा शब्दही हवा. वयवारीच्या उदाहरणांत अर्धी पडझड तिथेच होते: सात वर्षांनी वडिलांचं वय वाढतं, मुलाचं मात्र कुणीतरी आजच्यावरच ठेवून देतं.

ते सुरुवातीचे बापलेक राहिलेच. आज ४१ आणि ९. क्ष वर्षांनी वडिलांचं वय ४१ + क्ष. त्याच वयाचं दुसरं वर्णन उदाहरणच देतं: मुलाच्या तेव्हाच्या वयाच्या तिप्पट, ३(९ + क्ष). सोडवलं की क्ष = ७; तेव्हा ४८ आणि १६. ज्याला तोंडी हिशेबाची सवय आहे तो यावर म्हणेल, समीकरण कशाला हवं? दोघांच्या वयातला फरक ३२, तो जन्मभर ३२ च राहणार. वडील तिप्पट होतील तेव्हा फरक मुलाच्या वयाच्या दुप्पट असेल, म्हणून मुलगा १६ चा. झालं! सुंदर आहे हे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत अशाच युक्त्या शिकवतात आणि वेळेच्या हिशेबात त्या बरोबरही आहेत. फक्त प्रत्येक उदाहरणाला नवी युक्ती लागते आणि ती ऐनवेळी सुचावी लागते. बीजगणिताला सुचणं लागत नाही. दोनदा सांगितलेली राशी मांडली की पुढचं काम अक्कल बाजूला ठेवून करता येतं, आणि थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला तेच हवं असतं. मला ही बीजगणिताची उणीव वाटत नाही, उलट त्याचा मोठेपणा वाटतो.

आणि कधीकधी ते आपल्यापेक्षा शहाणं निघतं. याच बापलेकांबद्दल विचारा: किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या पाचपट होईल? ४१ + क्ष = ५(९ + क्ष). सोडवत गेलं की −४ = ४क्ष, म्हणजे क्ष = −१. मुलं इथे हमखास खाडाखोड करतात. वर्षं ऋण कशी असतील? पण समीकरण शांतपणे सांगतंय की ‘होईल’ हा शब्द चुकलाय, ते गेल्याच वर्षी होऊन गेलं. ४० आणि ८. प्रश्न विचारणाऱ्याला जे ठाऊक नव्हतं ते उत्तराला ठाऊक होतं. ऋण संख्यांशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच देऊन ठेवले होते. त्यानंतर हजार वर्षांनी, १६३७ मध्ये, ज्या देकार्तने ज्ञात राशींना अक्षरमालेतली पहिली अक्षरं आणि अज्ञातांना शेवटची देण्याची, म्हणजे आजच्या ‘एक्स’ची, पद्धत रूढ केली, तोसुद्धा ऋण उत्तरांना ‘खोटी’ म्हणत होता.

उलटही घडतं. साडेसात मजूर लागतील असं उत्तर निघतं. समीकरण कशाबद्दल आहे हे समीकरणाला माहीत नसतं. मांडताना आपण मजूर गाळून फक्त आकडे आत सोडलेले असतात. बाहेर आलेल्या आकड्याला पुन्हा मजुरांत नेऊन उभं करायचं काम आपलंच.

चिन्हं फार उशिरा आली, हे विसरायला होतं. बरोबरचं चिन्ह १५५७ चं; रॉबर्ट रेकॉर्डने दोन समान, समांतर रेघा घेतल्या, कारण याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने ज्या ग्रंथात समीकरणं सोडवण्याची रीत लावून दिली, तो ग्रंथ संपूर्ण शब्दांत आहे, आकडेसुद्धा शब्दांत. आणि त्याचा मोठा भाग वारसांमध्ये इस्टेट वाटण्याच्या उदाहरणांनी भरलेला आहे. म्हणजे हजारो वर्षं जी काही उदाहरणं होती ती शाब्दिकच होती. बिनशब्दांची समीकरणं हा नंतरचा प्रकार.

त्याही आधी, ४९९ मध्ये, आर्यभटाने एका श्लोकात सगळं बसवलं. दोन माणसं आहेत. प्रत्येकाकडे काही गुलिका, म्हणजे किंमत माहीत नसलेल्या सारख्याच वस्तू, आणि काही रोख रूपक. दोघांची एकूण संपत्ती सारखी. आर्यभट म्हणतो, रूपकांमधल्या फरकाला गुलिकांमधल्या फरकाने भागा, गुलिकेची किंमत मिळेल. एकाकडे ८ गुलिका आणि १० रूपक, दुसऱ्याकडे ३ गुलिका आणि ४५ रूपक असं धरून पाहा: ३५ भागिले ५, किंमत ७. ताळा, ५६ आणि १० सहासष्ट. २१ आणि ४५ सहासष्ट. आज एकचल समीकरणाच्या धड्यात ‘क्ष असलेली पदं एकीकडे, संख्या दुसरीकडे’ म्हणून जे शिकवतात ते सगळं त्या दोन ओळींत आहे. मला त्यात सगळ्यात आवडते ती अट: संपत्ती सारखी असेल तर. दोघं माणसं, दोन वर्णनं, रक्कम एक. या अटीशिवाय बाकीचे आकडे नुसते पडून राहिले असते.

पुढे भास्कराचार्यांच्या बीजगणितात एकाहून जास्त अज्ञात आले की पहिल्याला यावत्तावत् आणि पुढच्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं. दोन अज्ञात असतील तर दोन समीकरणं लागतात, म्हणजे दोन राशी दोन-दोनदा सांगितलेल्या हव्यात. बाकी तत्त्व तेच. त्यात इथे शिरत नाही.

या उदाहरणांच्या जगाची चेष्टा मीही करते. तिथे टाकी भरताना खालची तोटी हटकून उघडी असते, मजूर कधी दमत नाहीत आणि आगगाड्या स्थानकातून निघतानाच पूर्ण वेगात असतात. पण या कृत्रिमपणाचा एक उपयोग आहे: सगळं जिथल्या तिथे असल्यामुळे वेडं उत्तर लगेच ओळखू येतं. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत, दोन्ही मिळून? ९ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं की एकट्या दुसऱ्याने तीन तासांत होणारं काम पहिला मदतीला आल्यावर लांबलं कसं? उत्तर ३ च्या आतच हवं, हे कागदाला हात न लावता कळतं. (२ तास.)

आणखी एक खड्डा आहे, चांगल्या मुलांसाठी राखून ठेवलेला. भाची आता सराईत झाली होती. दोन संख्यांची बेरीज ७४, त्यांतली एक दुसरीपेक्षा १२ ने मोठी. तिने धडाधड लिहिलं: एक संख्या क्ष, दुसरी ७४ − क्ष. अगदी योग्य. मग समीकरण: क्ष + ७४ − क्ष = ७४. मग ७४ = ७४. ‘मावशी, क्ष कुठे गेला?’

क्ष गेला, कारण एकच वाट दोनदा चालून झाली होती. दुसरी संख्या ७४ − क्ष हे नाव तिने बेरजेच्या वाक्यावरूनच पाडलं होतं. तेच वाक्य पुन्हा समीकरण म्हणून वापरलं. ७४ = ७४ मध्ये चूक काहीच नाही, नवी बातमीही नाही. मी विचारलं, ‘१२ कुठे वापरलेस?’ आणि ती ‘अर्रर्र’ करून खालच्या ओळीवर गेली. ४३ आणि ३१.

तो ४३ पाहून तिला काय सुचलं कोण जाणे, पण माझंही वय ४३ आणि तिचं १३. पुस्तक मिटून ती स्वतःच उदाहरणं घालू लागली. मावशी माझ्या चौपट कधी होती? फरक ३०, म्हणजे ती १० ची असताना, तीन वर्षांपूर्वी. दुप्पट कधी होणार? ती तिशीची, मी साठीची; सतरा वर्षांनी. दीडपट? ती साठ, मी नव्वद. मग तिने डोळे बारीक केले. ‘आणि आपण दोघी सारख्या कधी?’

‘मांड की.’

तिने मांडलं: ४३ + क्ष = १३ + क्ष. दोन्हीकडचा क्ष खोडला आणि खाली उरलं ४३ = १३. मघाशी क्ष गेला तेव्हा मागे उरलेलं निदान खरं तरी होतं, हे उघडउघड खोटं. ‘म्हणजे कधीच नाही!’ ती म्हणाली, तेही जरा विजयी स्वरातच. मग सवयीने खाली ‘उत्तर :’ असं लिहिलं, त्यापुढे पेन्सिल थांबली. ‘इथे काय लिहू?’

‘लिही, उकल नाही.’

‘असं चालतं?’

‘चालतं.’